रक्त दिसलं म्हणजे मूळव्याधच का?

वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

मूळव्याधीवरची बहुतेक पत्रं निनावी येतात, आणि त्यांतली बरीचशी त्रास सुरू झाल्यावर वर्षा-दोन वर्षांनी लिहिलेली असतात. या अंकात त्यांतली आठ निवडली आहेत. नावं गाळली आहेत, गाव आणि वय तेवढं ठेवलं आहे. पत्र वाचून निदान करता येत नाही. त्यामुळे इथे दिलेलं उत्तर तपासणीच्या जागी धरू नये. तपासणीला जाताना काय विचारायचं, हे ठरवायला ते उपयोगी पडेल.

प्रश्न : शौच झाल्यावर कमोडमध्ये लालभडक रक्ताचे थेंब पडतात. महिन्यातून चार-पाच दिवस असं होतं, पण अजिबात दुखत नाही. मेडिकलवाल्याने 'रक्ती मूळव्याध आहे' म्हणून गोळ्या दिल्या. दुखत नसेल तर काळजीचं कारण नाही ना? (पुरुष, ३८, सोलापूर)

उत्तर : मेडिकलवाल्याचा अंदाज बरोबर असू शकतो, पण त्याने आत पाहिलेलं नाही. आणि न दुखणं ही निर्धास्त राहण्याची खूण नव्हे.

आधी मूळव्याध कशाला म्हणतात ते पाहू. गुदमार्गाच्या आत रक्तवाहिन्या, स्नायूंचे तंतू आणि जोडणाऱ्या पेशींच्या मऊ गाद्या प्रत्येकालाच असतात. रुग्णाला पाठीवर झोपवून, पाय वर घेऊन घड्याळाची तबकडी कल्पिली, तर त्या साधारण ३, ७ आणि ११ च्या जागी येतात. वारा आणि पातळ शौच अडवून धरण्यात त्यांचा वाटा असतो. म्हणजे मूळव्याध हा बाहेरून आलेला कोंब नाही. या गाद्यांना जागेवर धरून ठेवणारे तंतू वर्षानुवर्षांच्या कुंथण्याने आणि टणक खड्यांनी सैल होतात. मग गादी खाली घसरते, फुगते, आणि घट्ट शौच तिच्यावरून घासून जाताना वरचं नाजूक आवरण सोलवटतं. तिथल्या रक्तवाहिन्यांत धमन्यांचं रक्त असल्यामुळे ते लालभडक दिसतं.

न दुखण्याचं कारण असं, की गुदद्वारापासून साधारण दोन सेंटिमीटर आत एक सीमारेषा आहे. तिच्या वरच्या भागाला कापल्या-टोचल्याची वेदना कळत नाही, खालच्या त्वचेला मात्र बोटाच्या टोकाइतकी तीव्र कळते. आतली मूळव्याध रेषेच्या वर असते.

डॉक्टर तिच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत फक्त रक्त जातं, बाहेर काही येत नाही. दुसरीत कुंथताना मोड बाहेर येतो आणि आपोआप आत जातो. तिसरीत तो बोटाने आत ढकलावा लागतो. चौथीत तो ढकलूनही आत जात नाही. पायरीवर उपचार ठरतो, आणि पायरी पाहिल्याशिवाय कळत नाही.

तपासणीची भीती वाटत असेल तर ती कशी होते ते सांगतो. डावीकडे कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात. आधी बाहेरून पाहतात, मग जेल लावलेल्या हातमोज्याच्या बोटाने तपासतात, नंतर प्रॉक्टोस्कोप नावाची छोटी नळी घालून गाद्या पाहतात. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम आहे. भूल लागत नाही, उपाशी राहावं लागत नाही. पहिल्या पायरीची मूळव्याध बोटाला लागत नाही, ती नळीतूनच दिसते. बोट कशासाठी, तर गुदाशयात गाठ नाही ना हे कळण्यासाठी. म्हणून 'लक्षणं ऐकून' गोळ्या लिहून देणाऱ्याला, मग तो कोणत्याही पॅथीचा असो, 'तपासता का?' असं विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

वयाच्या चाळिशीच्या अलीकडे, वजन नीट, शौचाची सवय बदललेली नाही, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग नाही आणि प्रॉक्टोस्कोपीत मूळव्याध स्पष्ट दिसली, तर सहसा पुढच्या तपासण्यांची घाई नसते. मात्र उपचार नीट घेऊनही सहा आठवड्यांत रक्त थांबलं नाही, तर मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी करून घ्या.

प्रश्न : बाळंतपणानंतर चार महिन्यांपासून शौचाला गेलं की काच चिरत गेल्यासारखं होतं आणि नंतर दोन-तीन तास आग होते. पुसल्यावर कागदाला रक्ताची रेघ दिसते. बाहेर छोटा कोंब हाताला लागतो. सासूबाई म्हणतात मूळव्याध आहे. मूळव्याधीचं मलम लावते, पण फरक नाही. (स्त्री, २९, पुणे)

उत्तर : तुमचं वर्णन मूळव्याधीचं कमी आणि फिशरचं, म्हणजे गुदद्वाराच्या कडेला पडलेल्या चिरेचं, जास्त वाटतं. या दोन आजारांची गल्लत आम्हाला सर्वांत जास्त दिसते, आणि तिच्यापायी महिनोन्‌महिने चुकीचं मलम लावलं जातं.

चीर त्या सीमारेषेच्या खाली, वेदना कळणाऱ्या त्वचेत असते, म्हणून एवढी कळ. ती बहुधा मागच्या बाजूला मधोमध पडते. बाळंतपणानंतर पुढच्या बाजूलाही पडते. मूळ गोम आतल्या स्नायूत आहे. वेदनेने तो आवळून बसतो, आवळल्याने चिरेचा रक्तपुरवठा कमी होतो, रक्त कमी म्हणून चीर भरत नाही, आणि दुसऱ्या दिवशी खडा झाला की ती पुन्हा उकलते. सहा-आठ आठवडे असं चाललं की चिरेच्या टोकाला त्वचेचा छोटा कोंब तयार होतो. तुमच्या हाताला लागतो तो बहुतेक हाच. त्याला मूळव्याधीचा मोड समजून तेवढाच कापून टाकला, तर चीर तशीच राहते.

उपचाराचे दोन भाग आहेत: शौच मऊ ठेवणं आणि स्नायू सैल करणं. पहिल्यासाठी इसबगोल, त्याची नेमकी पद्धत पुढे रत्नागिरीच्या पत्रात दिली आहे. दुसऱ्यासाठी २ टक्के डिल्टियाझेमचं मलम डॉक्टर लिहून देतात. वाटाण्याएवढं मलम दिवसातून दोनदा, गुदद्वाराच्या कडेला आणि बोटाचं पहिलं पेर आत जाईल इतकंच लावायचं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आठवड्यात कळ कमी झाली की मलम बंद करणं. कळ आधी जाते, चीर नंतर भरते. सहा ते आठ आठवडे पुरे करायचेच. नायट्रोग्लिसरिनचं मलमही चालतं, पण त्याने अनेकांचं डोकं दुखतं. तुम्ही बाळाला पाजत असाल तर कोणतंही मलम सुरू करण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा.

कोमट पाण्यात बसण्याचा शेक शौचानंतर आणि रात्री झोपताना घ्या. रुंद प्लास्टिकच्या टबात किंवा कमोडवर बसणाऱ्या भांड्यात, कंबरेखालचा भाग बुडेल इतकं पाणी, हाताला सुखद वाटेल एवढंच गरम, दहा ते पंधरा मिनिटं. कढत पाण्याने त्वचा भाजते. त्यात डेटॉल, मीठ किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची गरज नाही; जंतुनाशकाने चिरेची आगच वाढते. नंतर मऊ कापडाने टिपून घ्या, घासू नका.

मूळव्याधीच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड आणि बधिर करणारं औषध असतं. सात दिवसांपेक्षा जास्त लावलं तर स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि चिरेला ते बरं नाही. आठ आठवड्यांनीही चीर राहिली तर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा स्नायूचा छोटा काप हे पर्याय आहेत. कापाने चीर बहुतेकांची भरते, पण वारा रोखण्याची ताकद थोडी कमी होण्याचा धोका असतो. योनीमार्गे बाळंतपण झालेल्या स्त्रियांत स्नायू आधीच दुखावलेला असू शकतो, म्हणून तुमच्या बाबतीत डॉक्टरांनी तो निर्णय सावकाश घ्यावा. चीर मधोमध नसून बाजूला असेल, तर क्षय, क्रोन्ससारखा आतड्याचा दाह अशी वेगळी कारणं शोधावी लागतात.

प्रश्न : कालपर्यंत काही नव्हतं. पोती उचलल्यावर आज सकाळी गुदद्वाराशी द्राक्षाएवढी निळसर, टणक गाठ आली. बसता येत नाही. आत ढकलायचा प्रयत्न केला, जात नाही. (पुरुष, ४५, नाशिक)

उत्तर : ढकलू नका. ही बाहेरच्या शिरेत रक्ताची गुठळी धरल्याची लक्षणं आहेत. ती गाठ आतून आलेलीच नाही, मग आत जाणार कुठे? जोर लावला तर सूज वाढते.

इथे घड्याळ महत्त्वाचं आहे. पहिल्या बहात्तर तासांत कळ असह्य असेल, तर जागा बधिर करून सर्जन गुठळीसह तो भाग काढतात आणि लगेच आराम पडतो. तीन दिवस उलटून कळ उताराला लागली असेल, तर कापण्यात फायदा नाही. कळ सात ते दहा दिवसांत ओसरते, गाठ काही आठवड्यांत विरते आणि मागे कधीकधी सैल त्वचा राहते. तोवर शेक, पॅरासिटामॉल आणि मऊ शौच. नुसती चीर देऊन गुठळी पिळून काढली की ती पुन्हा धरू शकते, म्हणून हे काम घरी किंवा सुई-ब्लेड घेऊन बसलेल्या माणसाकडे करायचं नाही. ताप, पू किंवा गाठीची त्वचा काळी पडणं दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : इसबगोल घ्यायला सांगितलं. रोज रात्री चमचाभर तोंडात टाकून वर दोन घोट पाणी पिते. पोट फुगतं आणि खडा उलट जास्त होतो. शिवाय माझे सोमवार, एकादशी आणि संकष्टी असे उपास असतात. काय खावं? (स्त्री, ५१, रत्नागिरी)

उत्तर : चूक इसबगोलाची नाही, पाण्याची आहे. इसबगोलाचा भुसा स्वतःच्या वजनाच्या अनेक पट पाणी शोषतो आणि त्याचा लगदा शौचाला मऊ ठेवतो. तुम्ही पाणी दिलं नाहीत, तर तो आतड्यातलं पाणी ओढतो आणि गोळा घट्ट होतो. कोरडा गिळला तर घशात किंवा अन्ननलिकेत अडकूही शकतो.

असं करा: पाऊण ते एक मोठा पेला पाणी, म्हणजे २०० ते २५० मिली, त्यात शीग लावून एक चहाचा चमचा. ढवळा आणि लगेच प्या; घट्ट होईपर्यंत थांबू नका. वर आणखी अर्धा-एक पेला पाणी. पहिला आठवडा रोज एक चमचा, दुसऱ्यात दोन, जमलं तर तिसऱ्यात तीन, पण एकदम नाही, दोन वेळांत वाटून. हळूहळू वाढवल्याने फुगणं कमी होतं. पिऊन लगेच आडवं होऊ नका. रात्री घ्यायचं तर झोपण्याच्या तासभर आधी घ्या. थायरॉइड, मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाच्या गोळ्या आणि इसबगोल यांत दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. परिणाम दोन-तीन दिवसांत दिसू लागतो, पण मूळव्याधीचं रक्त कमी व्हायला चार-सहा आठवडे लागतात. रक्त थांबलं म्हणून इसबगोल सोडला की बहुतेकांचा त्रास परत येतो. तंतुमय पदार्थांवरच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा रक्त जाण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. स्वस्त आणि बिनधोक अशा एका भुशासाठी हा आकडा फार मोठा आहे, आणि तरी लोक त्याला 'साधं' म्हणून बाजूला ठेवतात याचं आम्हाला वाईट वाटतं.

आता जेवण. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम तंतू पोटात जायला हवेत. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ते सुमारे १० ग्रॅम असतात, म्हणजे मध्यम भाकरीतून ६ ग्रॅमच्या आसपास मिळतात. नाचणी आणि बाजरी त्याच तोडीच्या. वाटीभर मटकीच्या उसळीतून चार-पाच ग्रॅम, एका पेरूतून पाच किंवा जास्त. कोकणात दोन्ही वेळा भात असतो, आणि वाटीभर पांढऱ्या भातातून एक ग्रॅमही मिळत नाही. भात सोडा असं आम्ही म्हणणार नाही. एका वेळी नाचणीची भाकरी, रोज एक उसळ, एक पालेभाजी आणि एक सालासकट फळ एवढं केलंत तरी हिशोब जमतो. चाळणीतून कोंडा काढून टाकू नका.

उपासाच्या दिवशी खरा घोळ साबुदाण्याचा आहे. त्यात तंतू जवळपास नसतातच, वर शेंगदाणे आणि तूप, पाणी कमी, चहा जास्त. दुसऱ्या दिवशी खडा ठरलेला. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, वरईसोबत भोपळ्याची भाजी, सालासकट उकडलेलं रताळं, सुरण, फळं आणि ताक घ्या. सुरण आणि ताक यांना आयुर्वेदात मूळव्याधीवर मानाचं स्थान आहे. सुरणात तंतू आहेत आणि ताकाने पाणी पोटात जातं, म्हणून आहार म्हणून दोन्ही उत्तमच. घशाला खाज सुटू नये म्हणून सुरण चिंच किंवा कोकम घालून पुरता शिजवा. फक्त सुरणाने बाहेर आलेला मोड आत जाईल, अशी आशा ठेवू नका.

दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल तेवढंच. सोनामुखीचं चूर्ण रोज रात्री घेण्याची सवय अनेक घरांत आहे. त्याने पोटात मुरडा येतो, शौच पातळ होतं आणि वारंवार पुसून त्वचा सोलवटते. कधीमधी ठीक, रोजचा आधार म्हणून नको.

प्रश्न : संगणकावर दहा तास बसून काम. कमोडवर मोबाइल घेऊन वीस-पंचवीस मिनिटं जातात. व्यायामशाळेत वजनं उचलतो. तिखट खूप आवडतं. यातलं नेमकं काय सोडू? (पुरुष, २६, पिंपरी)

उत्तर : आधी मोबाइल. कमोडच्या भोकाभोवती मांड्यांना आधार मिळतो आणि मधला भाग अधांतरी लोंबतो, त्यामुळे गाद्यांत रक्त साचतं. शौच कधीच होऊन गेलेलं असतं, पण माणूस उठत नाही. २०२५ साली अमेरिकेत दुर्बीण तपासणीला आलेल्या १२५ जणांची पाहणी प्रसिद्ध झाली. शौचालयात फोन वापरणाऱ्यांत मूळव्याधीचा धोका ४६ टक्क्यांनी जास्त आढळला, आणि पाच मिनिटांहून जास्त वेळ बसणारेही त्यांच्यातच अधिक होते. एवढ्या छोट्या पाहणीने कारण सिद्ध होत नाही, पण फोन बाहेर ठेवायला काही खर्चही नाही.

पाच मिनिटांत झालं नाही तर उठा, पुन्हा कळ येईल तेव्हा जा. पायाखाली वीतभर उंचीचा पाट घ्या, गुडघे कंबरेच्या वर आणा, थोडे पुढे वाका. मार्ग सरळ होतो आणि कुंथावं लागत नाही. सकाळच्या चहा-नाश्त्यानंतर आतड्याची हालचाल जोरात असते. ती कळ मीटिंगसाठी दाबून ठेवलीत की शौच आत सुकत जातं.

वजनं उचलताना श्वास कोंडू नका, जोर लावताना सोडा. त्रास चालू असताना जड स्क्वॉट टाळा. मिरचीमुळे मूळव्याध होते याला पुरावा नाही. फिशर असेल तर मात्र तिखटाने आग नक्की वाढते. दारू आणि पाणी कमी पिणं यांनी तिखटापेक्षा जास्त नुकसान होतं.

प्रश्न : आठवा महिना चालू आहे. मोड बाहेर आलाय, खाज येते, कधी रक्त. बाळाला धोका आहे का? ऑपरेशन करावं लागेल का? (स्त्री, २७, लातूर)

उत्तर : बाळाला धोका नाही. गर्भाशयाचा दाब, सैलावलेल्या ऊती आणि लोहाच्या गोळ्यांनी होणारा बद्धकोष्ठ यांतून शेवटच्या तीन महिन्यांत हे फार स्त्रियांना होतं. बाळंतपणानंतर सहा-आठ आठवड्यांत बहुतेकींचं खूप कमी होतं, त्यामुळे तोवर ऑपरेशन सहसा करत नाहीत. इसबगोल चालतो. तो पुरत नसेल तर रात्री १५ ते ३० मिली लॅक्टुलोज, म्हणजे शौच मऊ करणारं पातळ औषध, डॉक्टरांना विचारून घ्या. डाव्या कुशीवर झोपा, कोमट पाण्याचा शेक घ्या. बाहेर आलेला मोड शेक घेतल्यावर, जेल लावलेल्या बोटाने हलकेच आत सरकवा. लोहाच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. त्रास होत असेल तर डॉक्टर गोळी बदलून देतील किंवा एक दिवसाआड घ्यायला सांगतील. चूर्णं आणि काढे मात्र या काळात कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका.

प्रश्न : माझ्या आजोबांना वीस वर्षांपासून मूळव्याध आहे असं घरात सगळे म्हणतात. हल्ली शौचासोबत काळपट रक्त आणि शेंबडासारखं काही जातं, दिवसातून पाच-सहादा जावं लागतं तरी साफ वाटत नाही. हिमोग्लोबिन ७.८ आलं. अँजिओप्लास्टी झाल्यापासून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. बाजाराच्या गावी एक जण एका इंजेक्शनात मूळव्याध मुळासकट काढतो, तिकडे न्यायचं ठरतंय. (नातू, २२, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : तिकडे नेऊ नका. या आठवड्यातच त्यांना सर्जनकडे किंवा पोटविकारतज्ज्ञांकडे न्या.

तुमच्या पत्रातली प्रत्येक गोष्ट मूळव्याधीपलीकडे बोट दाखवते. काळपट, शौचात मिसळलेलं रक्त. शेम. वारंवार जाऊनही साफ न वाटणं. बदललेली सवय. इतकं कमी हिमोग्लोबिन. गुदाशयाचा कर्करोग अशाच लक्षणांनी येतो, आणि 'जुनी मूळव्याध' या नावाखाली महिनोन्‌महिने लपून राहतो. आजोबांना तो आहेच असं आम्ही म्हणत नाही. पण सत्तरीच्या आसपासच्या माणसाचा रक्तक्षय मोठ्या आतड्याची दुर्बीण तपासणी केल्याशिवाय मूळव्याधीच्या खाती टाकायचा नसतो. वीस वर्षांची मूळव्याध आणि नवी गाठ एकाच माणसाला असू शकते. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटाच्या तपासणीतच हाताला लागतात, म्हणून पहिल्याच भेटीत ती तपासणी व्हायला हवी. शेवटची बोटाची तपासणी कधी झाली, असं घरात विचारा.

गोळ्या स्वतःहून थांबवू नका. अँजिओप्लास्टीत स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवलेल्या माणसाने अशी गोळी अचानक सोडली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. कोणती गोळी, कधी थांबवायची किंवा चालूच ठेवायची, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि सर्जन मिळून ठरवतील. जाताना अँजिओप्लास्टीची फाइल आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर घ्या. धाप, छातीत दुखणं, चक्कर किंवा सलग रक्त जाणं यातलं काही दिसलं तर वाट न पाहता तातडीच्या विभागात न्या.

त्या इंजेक्शनाबद्दल. मूळव्याधीत इंजेक्शन देण्याची मान्य पद्धत आहे, पण त्यात ठरावीक औषध, ठरावीक मात्रेत, नळीतून बघत, सीमारेषेच्या वर देतात. बाजारातल्या माणसाच्या सिरिंजमध्ये काय आहे ते त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. दाहक द्रव चुकीच्या जागी गेला की मांस सडतं, पू होतो, नंतर गुदमार्ग आवळून बोटही जाईनासं होतं. जे 'मूळ' गळून पडलं म्हणून दाखवतात, ते सडून सुटलेलं मांस असतं.

प्रश्न : तिसऱ्या पायरीची मूळव्याध सांगितली आहे. एकाने रबर बँड, दुसऱ्याने लेझर, तिसऱ्याने स्टेपलर आणि चौथ्याने कापून काढायला सांगितलं. कुणाचं ऐकू? (पुरुष, ५२, नागपूर)

उत्तर : चौघंही चूक नसतील, कारण तिसऱ्या पायरीत खरोखरच एकाहून अधिक मार्ग असतात. निवड तीन गोष्टींवर होते: किती मोड आहेत, बाहेरचा भागही मोठा आहे का, आणि पुन्हा उद्भवण्याचा धोका तुम्ही किती पत्करायला तयार आहात.

रबर बँड लहान-मध्यम मोडांसाठी. नळीतून मोडाच्या मुळाशी, सीमारेषेच्या वर घट्ट रबरी कडी बसवतात. भूल लागत नाही, त्याच दिवशी घरी जाता येतं. एक-दोन दिवस शौचाला आल्यासारखं जड वाटतं. तेव्हा कुंथायचं नाही. पाच ते दहा दिवसांत मोड सुकून गळतो आणि त्या वेळी थोडं रक्त जातं. कडी बसवताच चुणचुणती तीव्र कळ आली तर ती रेषेच्या फार जवळ बसली आहे. तिथल्या तिथे सांगा, काढता येते. नंतरच्या दिवसांत वाढती कळ, ताप आणि लघवी अडणं ही तिन्ही एकत्र आली, तर ती दुर्मीळ पण जिवावर बेतणाऱ्या संसर्गाची खूण असते, मध्यरात्री असली तरी रुग्णालयात जा. बँड कधीकधी चार-सहा आठवड्यांनी पुन्हा घालावा लागतो. ब्रिटनमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत एकदा बँड घातलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना वर्षभरात पुन्हा त्रास झाला, तर डॉपलरने, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्राने, धमनी शोधून बांधण्याच्या शस्त्रक्रियेनंतर ३० टक्क्यांना. मात्र ती शस्त्रक्रिया भूल देऊन होते, जास्त दुखते आणि महाग पडते. दुसऱ्यांदा बँड घालण्याची मुभा धरली तर दोहोंतला फरक बराच कमी होतो.

लेझरमध्ये मोडात बारीक तंतू घालून उष्णतेने तो आकसवतात. जखम लहान, कळ कमी, कामावर लवकर परत. दुसऱ्या आणि लहान तिसऱ्या पायरीत तो योग्य ठरू शकतो. बाहेर लोंबणाऱ्या मोठ्या मोडात त्याचा निकाल कापून काढण्याइतका टिकाऊ नाही, आणि फलकांवरचं 'कायमची सुटका' हे आश्वासन कोणत्याच पद्धतीला देता येत नाही. स्टेपलर पद्धत इटलीच्या लोंगो यांनी १९९८ साली मांडली: वरच्या आवरणाचं कडं कापून गाद्या वर ओढून घेतात. सुरुवातीला कमी दुखतं, पण मोड पुन्हा येण्याचं प्रमाण कापून काढण्यापेक्षा जास्त आहे आणि काहींना शौचाची घाई होण्याचा त्रास राहतो. कापून काढण्याची पद्धत १९३७ पासून जवळपास तशीच आहे. पहिले आठ-दहा दिवस चांगलंच दुखतं, पण मोठ्या आणि चौथ्या पायरीच्या मूळव्याधीत सर्वांत टिकाऊ तीच.

आमचं मत विचाराल तर, बाहेरचा भाग छोटा असेल तर आधी बँड, तोही सहा आठवडे आहार-इसबगोल नीट करून पाहिल्यावर. बाहेरचा भाग मोठा असेल तर अर्धवट उपायांत पैसे घालवण्यापेक्षा एकदाच नीट शस्त्रक्रिया. चौघांनाही एकच प्रश्न विचारा: 'माझ्या मोडाला हीच पद्धत का, आणि पुन्हा आली तर पुढे काय?' आरोग्य विमा असेल तर मूळव्याधीसाठी असलेला प्रतीक्षाकाळ पॉलिसीत आधी वाचा.

फुगवटा आणि रक्त जोरात असेल तेव्हा डायोस्मिन-हेस्पेरिडिनच्या ५०० मिलीग्रॅमच्या गोळ्या देतात, सहसा चार दिवस रोज सहा, मग तीन दिवस रोज चार, दोन-तीन वेळांत वाटून. त्याने उद्रेक शमतो, मोड जात नाही.

आणि ऑपरेशन केलंत तर पहिले दोन आठवडे असे जातील. पहिलं शौच दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतं, आणि त्याच्या भीतीने जेवण सोडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. खडा होतो आणि टाक्यांवर ताण येतो. वेदनाशामक शौचाआधी अर्धा तास घ्या. ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होतो, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून. शेक शौचानंतर दर वेळी. पाणचट, गुलाबी स्राव दोन-तीन आठवडे येतो, पॅड ठेवा. जखम पुरती भरायला चार ते सहा आठवडे लागतात. सात ते चौदा दिवसांच्या दरम्यान जखमेवरची खपली सुटते, तेव्हा थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. पण गुठळ्या पडू लागल्या, पॅड तासाभरात भिजलं, लघवी सहा-आठ तास झाली नाही किंवा ताप चढला, तर सर्जनला फोन करून लगेच निघा, आणि निघण्यापूर्वी काही खाऊ-पिऊ नका. पुन्हा भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.